गर्भारशीच्या ताटाचा इतिहास

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासाविषयी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले. आपल्या शिरोळ तालुक्यात इतिहासाला तोटा नाही. खिद्रापूरचे कोपेश्वराचे देऊळ आहे, नरसोबाच्या वाडीचा संगम आहे, कुरुंदवाडचे संस्थान होते. परंतु त्यांविषयी लिहिणारी जाणती माणसे पुष्कळ आहेत आणि माझे शिक्षण तर सातवीपर्यंतचे. म्हणून मी राजेरजवाड्यांचा सोडून चुलीपुढचा इतिहास लिहायला घेतला आहे. पोटुशी बाईच्या ताटात काय असावे, हे कोणी, कधी आणि कसे शोधून काढले, त्याची ही हकिकत.

हा विषय सुचायला कारण घरातलेच आहे. माझी थोरली लेक पुण्याला असते. तिने व आमच्या जावयांनी तीन वर्षांपूर्वी दूध, दही, तूप सगळेच सोडले. मांस-मच्छी, अंडे आमच्या घरात पूर्वीपासूनच नव्हते. दुधासाठी जनावरांना त्रास होतो, वासराच्या वाट्याचे आपण घेतो, हे तिच्या मनाला लागले. पुढे तिला दिवस गेले आणि घरात वादाला तोंड फुटले. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "दुधाबिगर प्वार कसं पोसायचं गं पोटात?" लेक म्हणाली, "आजी, म्हैस तरी कुठं दूध पिती? ती वैरणच खाती की." दोघींचेही बोलणे मला पटे आणि दोघींच्याही बोलण्याने धास्ती वाटे. तेव्हा खरे काय ते शोधावे म्हणून वाचनालयातली पुस्तके आणली. इंग्रजीतले होते ते लेकीने वाचून मराठीत सांगितले.

सासूबाईंच्या बाजूने फार जुना पुरावा आहे. चरकसंहितेत गर्भिणीचा महिनावार आहार दिला आहे. पहिल्या महिन्यात साधे थंड दूध, दुसऱ्यात मधुर औषधी घालून दूध, तिसऱ्यात मध व तूप घालून दूध, चौथ्यात दूध आणि लोणी, पाचव्यात दुधापासून काढलेले तूप. आठव्या महिन्यात दुधातली पेज सांगितली आहे. म्हणजे आपल्या वैद्यकाने गर्भारशीचे ताट दुधावरच उभे केले होते.

दुसरीकडे, दूध सोडणे ही आपल्या भागाला अगदी नवी गोष्ट आहे असेही नाही. आपल्या शेजारच्या जैन घरांत रसपरित्याग हे एक तप मानतात. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ या सहा रसांपैकी एखादा किंवा सगळे ठरावीक दिवस सोडायचे, अशी ती रीत आहे.

पण ग्रंथात लिहिलेले दूध खरोखर किती बायकांच्या ओठी लागले, हाही प्रश्न विचारला पाहिजे. म्हैस दारात असली तरी दूध विकायचे, उरले तर पोरांना, पुरुषमाणसांना, आणि बाईच्या वाट्याला चहातले चमचाभर. १९६३ साली कोल्हापूर जिल्ह्याचा दूध संघ निघाला, गावोगाव डेअऱ्या झाल्या, संसाराला चार पैसे आले, हे चांगलेच झाले. पण सांजसकाळ किटली डेअरीला जाऊ लागली आणि घरातल्या बाईचा पेला होता तसाच राहिला. त्यातून जुनी समजूत अशी की, पोटुशीने फार खाल्ले तर मूल अंगाने मोठे होते आणि बाळंतपण अडते. म्हणून ती बिचारी सगळ्यांच्या शेवटी जेवायची आणि अर्धपोटीच उठायची.

या दुःखाकडे शास्त्राच्या नजरेने पाहणारी आपल्यातली एक आरंभीची स्त्री म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. पुढे त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या. तेथे त्यांनी प्रबंध लिहिला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. परक्या मुलुखात, थंडीत, त्यांनी आपला शाकाहार सांभाळला. १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांना आयुष्य लाभते, तर पुढची हकिकत कदाचित त्यांच्याच नावाने सांगितली गेली असती.

ती पुढची हकिकत मुंबईत परळला घडली. तेथे जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ पासून प्लेगच्या संशोधनाची प्रयोगशाळा होती. १९२५ साली तिला हाफकिन संस्था असे नाव मिळाले. त्या काळी मुंबईत गरीब बायका, विशेषतः गिरणीत राबणाऱ्या, गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत. धाप लागे, अंगावर सूज येई, आणि कित्येक जणी बाळंतपणाच्या सुमारास दगावत. मातांच्या मृत्यूंची चौकशी डॉक्टर मार्गारेट बाल्फोर या बाई करीत होत्या. त्यांनी विलायतेहून एका डॉक्टरणीला बोलावून घेतले. त्यांचे नाव लुसी विल्स. १९२८ साली त्या मुंबईस आल्या तेव्हा चाळीस वर्षांच्या होत्या.

विल्सबाई नुसत्या प्रयोगशाळेत बसल्या नाहीत. या बायका काय खातात, याची त्यांनी चौकशी केली. ताटात भाजीपाला आणि फळ जवळजवळ नसे. मग उंदरांच्या माद्यांना त्यांनी तसलाच आहार घातला, तेव्हा गाभण माद्यांचे रक्त कमी झाले. आहारात यीस्ट मिसळले की तसे होत नसे. यीस्ट म्हणजे पाव फुगवायला घालतात ते. दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टपासून विलायतेत मार्माइट नावाचा काळा, खारट अर्क करतात आणि लोक तो पावाला लावून खातात. तो अर्क विल्सबाईंनी एका आजारी माकडावर वापरून पाहिला आणि माकड सुधारले. पुढे गरोदर बायकांना दिला आणि त्याही सुधारल्या. १९३१ साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या काळी असल्या पांडुरोगावर जनावराचे काळीज खायला घालीत. १९२६ साली अमेरिकेत तो उपाय निघाला होता आणि त्याबद्दल नोबेल पारितोषिकही मिळाले. पण शाकाहारी बाई काळीज कशी खाणार? विल्सबाईंच्या उपायात ना मांस होते, ना दूध. त्या अर्कातल्या अनामिक गुणकारी द्रव्याला पुढे लोक विल्स-घटक म्हणू लागले.

ते द्रव्य कोणते, हे कळायला दहा वर्षे गेली. १९४१ साली अमेरिकेत टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी चार टन पालक आटवून त्यातून थोडेसे सत्त्व काढले. पानातून निघाले म्हणून त्याचे नाव फॉलिक ॲसिड ठेवले. लॅटिन भाषेत फोलियम म्हणजे पान. १९४५ साली ते कारखान्यात तयार करण्याची रीत अमेरिकेत ज्या मंडळींनी शोधली, त्यांचे प्रमुख आपल्या आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. पुढे १९९१ साली विलायतेतील मोठ्या पाहणीत असे सिद्ध झाले की, हे सत्त्व दिवस जाण्याआधीपासून घेतले तर बाळाच्या पाठीच्या कण्यातील जन्मजात दोष पुष्कळ टळतो. गर्भाचा कणा पहिल्या महिन्याभरातच मिटतो, म्हणून पाळी चुकल्यावर विचार करून उशीर होतो.

आज आरोग्य केंद्रात आशाताई ज्या तांबड्या गोळ्या देतात, त्यांत हेच सत्त्व लोहाबरोबर असते. आपल्या देशात गरोदर बायकांना लोह व फॉलिक ॲसिड देण्याची सरकारी योजना १९७० पासून आहे. हल्लीच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते आणि चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस रोज एक घ्यायची असते. परळच्या गरीब बायकांच्या रक्तातून निघालेला शोध फिरून आपल्या दारी आला आहे, हे गोळी कोनाड्यात टाकून देणाऱ्या सुनांना आपण सांगितले पाहिजे.

आता दुधाकडे वळते. महात्मा गांधींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध न घेण्याचे व्रत केले. १९१८ साली ते फार आजारी पडले, माथेरानला हवापालटास जाऊन आले, तरी अंगात ताकद येईना. तेव्हा मुंबईत कस्तुरबांनी म्हटले की, व्रत घेताना तुमच्या मनात गाई-म्हशीचे दूध होते, शेळीचे कोठे होते? आणि गांधीजींनी शेळीचे दूध घेतले. परंतु दुधाच्या तोडीचा, पचायला हलका असा वनस्पतीतला पदार्थ मिळावा, ही तळमळ त्यांना शेवटपर्यंत राहिली.

वनस्पतीतल्या पोषणाचा शोध पुढे आपल्याच एका मराठी बाईंनी घेतला. डॉक्टर कमलाबाई सोहोनी, माहेरच्या भागवत. बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत बाई म्हणून त्यांना प्रथम प्रवेश नाकारला गेला. त्यांनी तो हट्टाने मिळविला आणि १९३९ साली त्या केंब्रिजच्या डॉक्टर होऊन आल्या. मुंबईच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी डाळी-कडधान्यांवर आणि नीरेवर काम केले. नीरा म्हणजे पहाटे उतरविलेला ताडा-माडाचा ताजा गोड रस. आदिवासी मुलांना व गरोदर बायकांना नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे त्यांना दिसले. त्या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

मग दुधाविना अडले कोठे? १९४४ साली विलायतेत डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सोबत्यांनी दूधही वर्ज्य करणाऱ्यांची संस्था काढली आणि त्या रीतीला व्हेगन हे नाव दिले. त्यांतील काही मंडळींच्या जिभेला फोड येऊ लागले, हातापायांना मुंग्या येऊ लागल्या. १९५५ साली डॉक्टरांनी ते छापून प्रसिद्ध केले. कारण तोवर सापडले होते. १९४८ साली काळजातून एक लाल स्फटिकासारखे जीवनसत्त्व वेगळे काढण्यात आले होते, ते बी-बारा. हे कोणतीही वनस्पती तयार करीत नाही, आणि जनावरही करीत नाही. ते करतात अतिसूक्ष्म जंतू. गाई-म्हशीच्या पोटात असे जंतू असतात, म्हणून वैरण खाऊनही तिच्या दुधात बी-बारा उतरते. आपल्या पोटाची तशी घडण नाही. माझ्या लेकीच्या "म्हैस तरी कुठं दूध पिती" या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले.

आणि येथेच एक धोका आहे. पालेभाजी व फॉलिकची गोळी भरपूर असेल तर बी-बारा कमी असूनही रक्त बरे दिसते. आतल्या आत मज्जातंतूंना मात्र इजा होत राहते.

आपल्या महाराष्ट्रात याची पाहणी झाली आहे. १९९३ साली पुण्याच्या के. ई. एम. हॉस्पिटलच्या डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांच्या आहाराची व रक्ताची नोंद सुरू केली. शेतात राबणाऱ्या, आपल्यासारख्याच या बायका. ज्या पालेभाज्या, फळे व दूधदुभते वारंवार खात, त्यांची बाळे अधिक भरलेली दिसली. पण रक्त तपासले तेव्हा तिघींपैकी दोघींचे बी-बारा कमी निघाले. फॉलिक मात्र एखादी सोडली तर सगळ्यांचे पुरेसे होते. मुले सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. ज्यांच्या आईचे गरोदरपणी फॉलिक जास्त व बी-बारा कमी होते, त्यांच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करीत नव्हते. पुढे मधुमेह होण्याची ही पाऊलवाट. २००८ साली हे प्रसिद्ध झाले. याचा अर्थ फॉलिकची गोळी टाकावी असा मुळीच नव्हे. दोन्ही सत्त्वे जोडीने हवीत, एवढाच त्याचा अर्थ.

भगिनींनो, १९२८ च्या परळच्या बाईला पान मिळत नव्हते. १९९३ च्या खेड्यातल्या बाईच्या ताटात पान होते, पण बी-बारा नव्हते. आणि या दुसऱ्या बायकांनी काही दूध सोडण्याचे व्रत घेतलेले नव्हते! मांसाहार क्वचित आणि दूध चहापुरते, एवढ्यानेच ही उणीव येते.

हे वाचून झाल्यावर आमच्या घरातला वाद आपोआप मिटला. लेकीच्या डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्या महिन्यातच बी-बारा तपासायला सांगितले. ते कमी निघाले, आणि गोळी सुरू झाली. दिवसाला लागते ते अवघे दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यांतले दोन-अडीच. गोळीची मात्रा किती असावी, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे. ही गोळी जंतूंपासून तयार होते, त्यामुळे लेकीचा नेमही मोडला नाही. आंबवलेल्या इडलीतून किंवा भाकरी-भाजीतून बी-बारा मिळेल, या भरवशावर मात्र कोणी राहू नये.

बाकीचे ताट आमच्या शिवारानेच भरले. सकाळी नाचणीची आंबील. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे सासूबाईंना सांगितले तेव्हा बाळाच्या हाडांची त्यांची काळजी पुष्कळ कमी झाली. दुपारी शाळवाची भाकरी, मोड आलेली मटकी किंवा घेवडा, घट्ट वरण, आणि रोज एक पालेभाजी. कधी पोकळा, कधी चाकवत, अंबाडी, शेपू, मेथी, हरभऱ्याचा पाला. वर लिंबू पिळायचे, कारण आंबटाने पालेभाजीतले लोह अंगी लागते, आणि जेवणावर चहा घ्यायचा नाही, कारण चहा ते लागू देत नाही. भाजी आधी धुवायची आणि मग चिरायची. शिजवल्यावर पाणी पिळून टाकायचे नाही, नाहीतर विल्सबाईंचे सत्त्व मोरीत जाते. तोंडी लावायला तीळ, जवस, कारळे नाहीतर शेंगांची चटणी. मधल्या वेळी शेंगदाणे-गूळ किंवा एखादे फळ. सोयाबीन आपल्याकडे शेतात पिकते आणि पोत्यांनी बाजारात जाते. त्यातले पायलीभर घरी ठेवून आम्ही दळणात मिसळू लागलो. मीठ आयोडीनचे. सकाळच्या कोवळ्या उन्हात थोडे बसणे. तांबडी गोळी नेमाने. आणि मुख्य म्हणजे, पाचव्या महिन्यात ती माहेरी आली तेव्हापासून सासूबाई तिला सगळ्यांच्या आधी जेवायला वाढीत.

लेकीला नऊ महिने भरून मुलगी झाली, वजन दोन किलो नऊशे. दोघी सुखरूप आहेत. अंगावर पाजते तोवर बी-बाराची गोळी चालूच आहे, कारण आईच्या अंगात नसेल तर तिच्या दुधातही उतरत नाही. एका लेकीवरून सगळ्या जगाचा नियम बांधू नये, हे मला कळते. कोणी दूध सोडावे असे माझे सांगणे नाही आणि कोणी प्यावे असाही आग्रह नाही. तो ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. पण दूध सोडणाऱ्या लेकीने बी-बाराची गोळी कधी सोडू नये आणि डॉक्टरांपासून हे लपवू नये.

आणखी एक सांगते. लेकीच्या सांगण्यावरून मीही रक्त तपासले. दोन वर्षे माझ्या पायांना मुंग्या येत होत्या, त्या वयामुळे असाव्यात असे सगळे म्हणत. माझेही बी-बारा कमी निघाले. मी दूध सोडलेले नव्हते, ते माझ्यापर्यंत पोहोचतच नव्हते. औषध घेतल्यावर मुंग्या पुष्कळ उतरल्या आहेत.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवते. आपल्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे वाटण्याऐवजी पोकळा, मेथी, चाकवताच्या बियांच्या पुड्या वाटाव्यात. परड्यात जागा नसेल तर जुन्या घमेल्यातही भाजी येते. दुसरी सूचना अशी की, गल्लीत जिला दिवस गेल्याचे कळेल, तिच्या घरी आपल्यापैकी एकीने जावे. डोहाळजेवण सातव्या महिन्यात होईलच, पण ताटाची चौकशी पहिल्या महिन्यापासून व्हावी. ती कधी जेवते, काय जेवते, गोळ्या घेते का आणि बी-बारा तपासले का, एवढे चार प्रश्न प्रेमाने विचारावेत. सुनेला विचारायचे ते तिच्या सासूच्या समोर विचारावे, म्हणजे सासूलाही ते आपले काम वाटेल.

लुसी विल्स या बाईंनी परक्या देशात येऊन परक्या बायकांच्या ताटात डोकावून पाहिले. आपल्याला तर फक्त शेजारच्या उंबऱ्यापर्यंत जायचे आहे. पुढच्या मासिक सभेत या दोन्ही सूचनांवर विचार व्हावा, अशी सर्व भगिनींना विनंती करून हा लेख पुरा करते.